ताकदीचं वेळापत्रक

दुपारचे तीन वाजले की माझी मान डोलायला लागते. मीटिंग चालू असेल तर समोरच्याला वाटतं, मी त्याच्याशी सहमत आहे. अशा सहमतीतून बरीच कामं अंगावर आल्यावर एका हितचिंतकाने निदान केलं : "तुझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात."

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. एवढ्याशा जिवांना आपण दमवलं म्हणून मला भरून आलं आणि 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट'च्या बाटल्या घरात आल्या.

बाटली उघडणं हाच पहिला व्यायाम. झाकण दाबून फिरवायचं, मग कापूस उपसायचा, मग 'खाऊ नये' असं लिहिलेली पुडी बाजूला काढायची. तिच्याखाली ज्या कॅप्सूल असतात त्यांच्या वासावरून खरं तर त्यांच्यावरच 'खाऊ नये' लिहायला हवं होतं.

पण खरा छळ वेळांचा. ब जीवनसत्त्वं सकाळीच, रात्री घेतली तर म्हणे झोप उडते. अश्वगंधा जेवणानंतर, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. लोह रिकाम्या पोटी. लोहाचं आणि कॅल्शियमचं पटत नाही, त्यांना एकमेकांचं तोंडही दिसता कामा नये. लोहाचं कॉफीशीही वाकडं. मॅग्नेशियम निजताना. माझा फोन दिवसभर कोकलू लागला. रात्री तर शांत झोपेची कॅप्सूल घेण्यासाठी तो मला गाढ झोपेतून उठवायचा.

"अरे, हे सगळं तू दमू नयेस म्हणून चाललंय ना?" बायकोने विचारलं. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

या ग्रंथींना स्वतःला मात्र अलार्म लागत नाही. त्यांचं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक पहाटेच वाढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. बरं, ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. त्याचं वर्णन 1855 सालीच झालंय आणि तो गंभीर असतो. 'अ‍ॅड्रिनल फटीग', म्हणजे ग्रंथींचा थकवा, हे नाव मात्र 1998 मधलं. 2016 मध्ये दोन संशोधकांनी 58 अभ्यास चाळले आणि असा आजारच नाही, हे थेट शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. त्यापेक्षा गमतीदार, म्हणजे ज्याने गोळ्या घेतलेल्या नाहीत त्याला गमतीदार, गोष्ट 2018 मधली. अमेरिकेत अशा 12 सप्लिमेंट्स तपासल्या, तर सगळ्यांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं आणि सातांमध्ये स्टेरॉइडही. लेबलवर त्यांचा पत्ता नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूळ ग्रंथी हातपाय गाळून बसू शकते. सपोर्ट तो हाच.

डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या. एक उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, बारीक अक्षर वाचत ते म्हणाले, "यात ज्येष्ठमध आहे. तुमचं बीपी का वाढलंय ते कळलं." दुसरीवर बायोटिन या ब जीवनसत्त्वाचा भलामोठा डोस. "हे बंद करा, पण रक्त आज द्यायचं नाही. थोडे दिवस जाऊ द्या. बायोटिनमुळे थायरॉइड, कॉर्टिसोल, सगळ्यांचे रिपोर्ट भलतेच येऊ शकतात." म्हणजे गोळ्या न घेण्यालाही वेळापत्रक होतं. वर कॉर्टिसोलसाठी रक्त द्यायचं ते सकाळी आठच्या सुमारासच.

रिपोर्ट आले. ग्रंथी ठणठणीत निघाल्या. कमी होतं ते हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा. आता लोह का कमी झालं, याच्या वेगळ्या तपासण्या सुरू झाल्या. माझ्या संग्रहातल्या लोहाच्या गोळीत लोह नावापुरतंच होतं. म्हणून नवीन गोळी मिळाली, एकच. मी मनातल्या मनात सगळे अलार्म पुसून टाकले.

"रोज नको," डॉक्टर म्हणाले. "रोज घेतली की शरीर लोह शोषायचं दार ओढून घेतं. एक दिवसाआड घ्या. रिकाम्या पोटी. आणि कॉफीपासून लांब."

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या घरी एकच वाद असतो. मी म्हणतो, काल घेतली. बायको म्हणते, परवा.