बॅटरी बदला म्हटलं, फोन बदला नाही म्हटलं

"अय्या, हा अजून चालतो?"

म्हणजे त्याच्या भाषेत जे काही अय्या असतं ते. काउंटरवरचा पोरगा, वय फार तर वीस-एकवीस, आणि एवढं बोलून थांबावं ना माणसाने, तर नाही, आत हाक मारून दुसऱ्याला बोलावलं. मग दोघांनी मिळून माझा फोन उलटा केला, सुलटा केला, कडेने बघितला, हेडफोनचं भोक बघून तर दोघं असे हसले की जणू मी पणजीच्या ट्रंकेतून अडकित्ता काढून आणलाय. दुसऱ्याने चक्क स्वतःच्या फोनने माझ्या फोनचा फोटो काढला. फोटो! अरे मी दुरुस्तीला आलेय, प्रदर्शनाला नाही. सात वर्षं झालीत त्याला, सातशे नाही. सात वर्षांची माझी चप्पल आहे, तिचा कुणी फोटो काढत नाही.

आणि हा मान मिळवायला मी नऊ दिवस थांबले होते. कारण नुसतं उठून दुकानात जायचं नसतं, आधी अपॉइंटमेंट घ्यायची असते. मी तशीच गेले होते पहिल्यांदा, दुकान रिकामं, तिघं जण एकमेकांशी गप्पा मारत उभे, तरी मला म्हणे ऑनलाइन बुक करा. समोर उभी आहे की मी बाई! तर नाही. घरी आले, फॉर्म उघडला, त्यात मॉडेल निवडायची यादी, यादीत माझं मॉडेलच नाही. "इतर" दाबलं तर चॅटबॉट उगवला आणि विचारतो काय, फोन रीस्टार्ट करून पाहिलात का. बॅटरी फुगलीय रे मेल्या, रीस्टार्ट केल्याने सूज उतरते होय? शेवटी जवळपासचं दुसरंच मॉडेल टाकून नंबर लावला. पुढे संपर्कासाठी मोबाइल नंबर सक्तीचा. टाकला. कुठला टाकणार, आहे तोच टाकला. तर मेसेज आला, तुमचा फोन दुरुस्त झाला की या नंबरवर आम्ही तुम्हाला फोन करू.

करा.

तर मूळ दुखणं एवढंच की बॅटरी फुगलीय. बाकी फोन ठणठणीत, कॅमेरा छान, आवाज छान, माझ्या हाताला सवय झालेला. फक्त आतून बॅटरीने ढकलल्यामुळे स्क्रीन डाव्या कडेने उचलली गेलीय आणि त्या बाजूला टच लागत नाही. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत गॅस धरते, होतं, जुनी माणसंही धरतात. पाचेकशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते असं कंपन्या स्वतःच सांगत आल्यात. म्हणजे दीड-दोन वर्षांत ती दमणार हे बनवणाऱ्याला आधीपासून माहीत, आणि तरी ती आत गोंदाने चिकटवून, वर काच गोंदाने चिकटवून, वर पाच पाकळ्यांचे स्क्रू मारून ठेवायची. जी वस्तू हमखास बदलावी लागणार तीच सगळ्यात आत! उद्या गाडीचं पेट्रोलचं झाकण वेल्डिंग करून देतील आणि म्हणतील पाण्यापासून संरक्षण आहे मॅडम.

नोकियाची ती बीएल-५सी बॅटरी आठवते का? अंगठ्याच्या नखाने मागचं झाकण काढायचं, बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फोन पडला की तीन तुकडे तीन दिशांना जायचे आणि सोफ्याखालून शोधून जोडले की परत चालू. गोंद नव्हता तरी जगलोच ना आपण.

हां, तर काउंटर. परदेशात राहून मला आता भाजी घेता येते, घरमालकाशी भांडता येतं, पण "फुगली" याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. घरी चार वाक्यं पाठ करून गेले होते, पण फोटो प्रकरणाने डोकं एवढं तापलं होतं की सगळी पुसली गेली. मग मी फोनकडे बोट दाखवलं आणि गाल फुगवून दाखवले. तो बघतच राहिला. मी अजून फुगवले. मग तो हळूच, अगदी काळजीने, म्हणाला की दातांचा दवाखाना समोरच्या इमारतीत आहे.

मग त्याने फोन आत नेला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि सुरुवात केली त्या शब्दाने ज्याचा मला दहा वर्षांपासून राग आहे, "दुर्दैवाने". इथे सगळंच दुर्दैवाने असतं. दुर्दैवाने आपली वेळ संपली, दुर्दैवाने तुमचा अर्ज अपूर्ण आहे, दुर्दैवाने पार्सल शेजाऱ्यांकडे दिलंय आणि शेजारी महिनाभर सुट्टीवर गेलेत. एखाद्याच्या घरी कुणी गेल्यासारखा चेहरा करतात आणि काम करत नाहीत. तर दुर्दैवाने या मॉडेलचे पार्ट येत नाहीत, मागवले तर उघडताना स्क्रीन फुटू शकते, फुटली तर जबाबदारी तुमची, डेटा उडाला तर जबाबदारी तुमची, यावर सही करा, आणि एवढं करून जो खर्च येईल तो बघता नवीन घेतलेला बरा. हे "नवीन घ्या" सांगायची फी वेगळी. तपासणी फी म्हणतात तिला! फोटो त्यांनी काढला, पैसे मी दिले. आणि रिसायकलिंगचा हिरवा डबा असा अलगद माझ्याकडे सरकवला की एका क्षणाला मला वाटलं फोन नाही, मलाच बस म्हणतोय त्यात.

नवीन घ्या, नवीन घ्या, नवीन घ्या. बॅगेची चेन तुटली, नवीन बॅग घ्या. इस्त्रीची वायर गेली, नवीन इस्त्री घ्या. मागच्या हिवाळ्यात छत्रीची एक काडी वाकली, एक, तर नवरा म्हणतो टाक ना. घरी एक अख्खा ड्रॉवर आहे चार्जरच्या वायरींचा, चपटी तोंडं, गोल तोंडं, काही मुंगीच्या तोंडाएवढी, एकही आत्ताच्या कशालाच लागत नाही, पण नवीन घेतोच आहोत आपण. नवऱ्याचं तर काही बोलूच नका. तो दर दोन वर्षांनी फोन बदलतो आणि वर मला बातम्यांच्या लिंका पाठवतो. परवा पाठवली, बघ युरोपियन युनियनने नियम आणलाय, २० जून २०२५ पासून, फोनचे पार्ट मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, पाच ते दहा कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजेत, बॅटरीने आठशे चार्जनंतरही ऐंशी टक्के दम धरला पाहिजे. मी हरखून वाचत गेले तर खाली, हे सगळं त्या तारखेनंतर बाजारात येणाऱ्या फोनांना. म्हणजे न्याय हवा तर आधी नवीन घ्या!

दादा फोनवर म्हणतो, "अगं पाठवून दे ना इकडे, नाहीतर येशील तेव्हा घेऊन ये, करून देतो." दादा, तुझी माया कळते मला, पण फुगलेली बॅटरी विमानाने पाठवता येत नाही, खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्यांना मालवाहतुकीत बंदी आहे आणि सोबतही नेता येत नाही. म्हणजे हा फोन आता माझ्यासारखाच इथे अडकलाय. मी निदान सुट्टीत तरी जाऊ शकते.

मग म्हटलं चला, आपणच करू. व्हिडिओत एक शांत आवाजाचा माणूस अकरा मिनिटांत करतो. ऑनलाइन बॅटरी आणि किट मागवलं, सक्शन कप, प्लास्टिकची पाती, स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर चार पाकळ्यांचा निघाला. नवीन मागवला. (हो, नवीन.) मग हेअर ड्रायरने काच शेकायला घेतली आणि व्हिडिओवाला शांतपणे म्हणाला की फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं किंवा ती जास्त तापली तर पेट घेऊ शकते. मी ड्रायर खाली ठेवला. मी म्हणजे कोण, तर जिने दोन वर्षांपूर्वी टॉर्चमध्ये सेल उलटे घातले, टॉर्च बिघडला म्हणून जाहीर केलं आणि फेकून देऊन नवीन आणला. याची नवऱ्याने त्याच वेळी आठवण करून द्यायची काही गरज नव्हती.

तर सध्या फोन बाल्कनीत आहे, मातीच्या रिकाम्या कुंडीत. पूर्ण बंदच ठेवायला पाहिजे, कळतं मला, उगाच कुणी शिकवू नका. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येईल हेही कळतं. पण ऑफिसच्या लॉगिनचा कोड देणारं ॲप याच्यावर आहे, आणि ते दुसऱ्या फोनवर न्यायचं तर आधी याच्या स्क्रीनवर एक बटण दाबावं लागतं, जे डाव्या बाजूला आहे. आडवा धरला तर ते ॲप फिरत नाही. आयटीवाल्यांना मेल केलाय, त्यांचं उत्तर "दुर्दैवाने"ने सुरू होतं. म्हणून मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन, स्वेटर घालून, थंडीत बाल्कनीत जाते, कुंडीत वाकून सहा आकडे पाठ करते आणि पळत लॅपटॉपपाशी येते. तीस सेकंदांत. समोरच्या इमारतीतली म्हातारी आता हात करते मला, तिला वाटत असणार या बाईचं रोपावर फार प्रेम आहे.

मगाशी कुंडी वाजली. मेसेज. "आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या." मी चपला न घालता तशीच धावले बाहेर. एक! एकच देणार, आणि खाली कॉमेंटही लिहिणार, फोटोबद्दल, गालांबद्दल, सगळं. पहिला तारा दाबला. काही नाही. जोरात दाबला. पहिला तारा डावीकडे. दुसराही लागेना. चिडून सगळी बोटं फिरवली त्याच्यावर, आणि आडवा धरायचं सुचेपर्यंत स्क्रीनवर धन्यवादाची फुलं उधळली जात होती.

पाच तारे गेलेत.

आणि खाली लिहिलंय, तुमच्या पुढच्या नवीन फोनवर खास सवलत.