टॅबचा तास कुणाच्या जागेवर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या लेखाखाली 'एक उपक्रमशील शिक्षक' या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं, 'शाळेत संगणक आणल्याने मुलं जास्त शिकतात याला संशोधनाचा आधार नाही', आणि पुराव्यादाखल पेरू देशातल्या लॅपटॉपवाटपाची गोष्ट सांगितली होती. त्यावर सरांचं म्हणणं असं: पेरूचं आम्हाला काय सांगता, इथे वाडीवर येऊन बघा. शहरात वायफायखाली बसून खेड्यातल्या पोरांच्या हातचा टॅब काढून घेणं सोपं असतं. त्यांच्या शाळेने लोकवर्गणीतून बारा टॅब घेतलेत आणि शाळा सुटल्यावर पाच ते सहा, समाजमंदिरात, मुलं त्यावर गणितं करतात. मुलं आपली आपण शिकतात हे भिंतीत संगणक बसवणाऱ्या सुगत मित्रा या संशोधकांनी कधीच सिद्ध केलंय. आणि शेवटी, 'तुमच्या आकड्यांपेक्षा मुलांच्या डोळ्यांतली चमक मला मोठी वाटते.'

सर, उत्तराला आठवडा लागला, कारण आधी रागच आला होता. राग उतरल्यावर लेख पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की ते वाक्य खरंच चुकलंय. 'आधार नाही' असं मी सरसकट लिहायला नको होतं. आधार आहे, आणि तो पेरूपेक्षा जवळ, गुजरातेत आणि दिल्लीत आहे. मी मला हवा तो दाखला उचलला. हा आरोप मान्य.

पण पेरू परदेश म्हणून सोडून देता येणार नाही. तिथे ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी आठ मुलांत जेमतेम एक संगणक होता, नंतर प्रत्येक मुलाला एक देऊन वर उरले. सुमारे सव्वा वर्षाने तपासलं तर गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. तर्काच्या, आकृत्यांच्या कोड्यांत थोडी वाढ दिसली, हे मी मागच्या वेळी लिहिलं नव्हतं, आता लिहिते. पेरूतलं वाटप 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या योजनेतलं, आणि त्या योजनेचा तोच हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरही आला होता. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून २२ मुलं. केंद्र सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती, तरी हा छोटा प्रयोग झाला. तिथली वर्णनं आनंदाची होती. तुमच्या वाडीसारखीच.

आता गुजरात. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण तुमच्या-माझ्या भांडणाचा निकाल मला तिथेच लागलेला दिसतो.

ज्ञानशाला नावाची संस्था तिथे गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वर्ग चालवते. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांच्या गणितावर एक प्रयोग केला, २००८ साली त्याचा निबंध आला. एका प्रकारात संगणकाचा तास शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याच्या जागी घातला. दुसऱ्या प्रकारात तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, बाईंच्या शिकवण्यावर जादा म्हणून दिला. कोणत्या वर्गांना मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे हुशार वर्ग एकीकडे आणि कच्चे दुसरीकडे असं झालं नाही. निकाल प्रमाण विचलनात देतात. तो शब्द ऐकून आमच्या स्टाफरूममध्येही सगळे चहाकडे वळायचे, म्हणून वेगळ्या तऱ्हेने सांगते. शंभर मुलं मार्कांनुसार रांगेत उभी करा, शेवटून पन्नासावं मूल डोळ्यांसमोर आणा. संगणक जादा मिळाला तर ते मूल एकसष्टाव्या जागी जातं (वाढ ०.२८). संगणक बाईंच्या जागी आला तर तेच मूल अठ्ठाविसाव्या जागेवर घसरतं (घट ०.५७).

यंत्रं तीच, धडे तेच, संस्थाही तीच. फक्त तास कुणाचा गेला एवढाच फरक. ज्ञानशालेतलं शिकवणं मुळात नेमकं आखलेलं होतं, म्हणून त्यातला तास गेल्याचं नुकसान मोठं झालं. जिथे वर्गात तसंही काही शिकवलं जात नाही तिथे कदाचित एवढं होणार नाही, पण ही काही फुशारकीने सांगायची गोष्ट नाही.

सर, तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'शाळा सुटल्यावर, पाच ते सहा'. म्हणजे संशोधन तुमच्या बाजूने आहे, आणि तुम्ही त्याच्याशीच भांडताय!

बडोद्याची गोष्टही अशीच. तिथल्या महापालिकेच्या शंभर शाळांना राज्य सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये पाहणी केली तेव्हा त्यांतले फारच थोडे प्राथमिकची मुलं वापरत होती. मग चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ घातले, आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. त्यातला एक तास शाळेच्या वेळातला आणि एक शाळेआधी किंवा नंतरचा. दुसऱ्या वर्षाअखेर आपलं पन्नासावं मूल अडुसष्टाव्या जागी पोचलं. हा मोठा फायदा आहे, आणि हा अभ्यास ज्यांनी केला त्यांतल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. पण कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा तपासलं, तेव्हा मूल चोपन्नाव्या जागेच्या आसपास होतं. बहुतेक कमाई ओसरली. त्याच अभ्यासात 'बालसखी'चाही हिशोब आहे. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि आकडेमोड घ्यायची. तिचा फायदा संगणकापेक्षा कमी दिसला, पण खर्च इतका थोडा होता की रुपयाला किती शिक्षण या मापात तीच पुढे गेली. उपक्रमांच्या फोटोंत बालसखी कधी दिसत नाही. तिला फीत कापून उद्घाटन करता येत नाही ना.

दिल्लीचा अभ्यास मी मागच्या लेखात घ्यायलाच हवा होता. २०१५ मध्ये माइंडस्पार्क या संगणकावरच्या शिकवणीच्या केंद्रांवर, बहुतेक सहावी ते आठवीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर तो झाला. शाळेव्यतिरिक्त, आठवड्याचे सहा दिवस, दीड तास: पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात माणसासमोर. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७, हिंदीत ०.२३ अशी वाढ. रांगेच्या भाषेत गणितात पन्नासावरून चौसष्ट.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सहावीतलं सरासरी मूल गणितात इयत्तेच्या अडीच वर्षं मागे होतं. वर्गात शिक्षक सहावीचं पुस्तक शिकवतात, मूल बसलंय तिसरी-चौथीत. संगणकाने प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरचं उदाहरण दिलं, एवढंच त्याचं कौतुक. चाळीस मुलांत चाळीस पायऱ्या सांभाळणं एका माणसाला जमत नाही, हे मी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवल्यावर शपथेवर सांगेन. आणि गंमत बघा, शाळेच्या परीक्षेत गणिताचे मार्क तरीही फारसे हलले नाहीत, कारण शाळेची प्रश्नपत्रिका इयत्तेची आणि मूल चढलं ते खालच्या पायऱ्यांवर. आपल्याकडे अशा मुलाला 'टॅब देऊनही काही उपयोग नाही' असा शेरा मिळतो.

सुगत मित्रांबद्दल थोडक्यात. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, आपल्या सिंधुदुर्गातही पुढे असे प्रयोग झाले, मुलं माऊस, फोल्डर, इंटरनेट आपसांत शिकली. हे खरंच आहे आणि सुंदर आहे. पण संगणक हाताळता येणं आणि भागाकार येणं यात अंतर आहे. पायल अरोरा या संशोधिका उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबागला असल्या खिडक्या बघायला गेल्या तर त्या बंद पडलेल्या आढळल्या. २०१० मध्ये त्यांनी ते लिहिलं. भिंतीतल्या यंत्राला कुणीतरी वाली लागतो. तुमच्या बारा टॅबना तुम्ही आहात.

राहिली चमक.

आमच्या शाळेत आमदार निधीतून दहा संगणक आले तेव्हा मीही ती चमक बघितली. शिवणाच्या बाईंनी जुन्या पडद्यांची कव्हरं शिवली. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत अगरबत्ती. गणिताच्या सहा तासांतले दोन तास संगणकाला द्यायचे ठरलं. कुणी माझ्याकडून हिसकावले नाहीत, मीच हसत दिले, कारण तेवढ्यात वह्या तपासून व्हायच्या. पोरं रंगांच्या प्रोग्रॅमवर झोपडी, डोंगर, दोन डोंगरांमधला सूर्य काढायची आणि उड्या मारत परत यायची. घटक चाचणीत हातच्याची वजाबाकी आली. ज्या मुलाची झोपडी मी स्वतः मुख्याध्यापकांना नेऊन दाखवली होती, त्याने प्रत्येक ओळीत मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, वर कुठला, खाली कुठला हे न बघता. ४२ वजा १७ बरोबर ३५. त्याच्यासारखे वर्गात अकरा होते. माझे ते दोन तास असते तर अकराचे पाच झाले असते का? ठाऊक नाही. पण चमक त्याच्याही डोळ्यांत होती, हे मात्र मी बघितलंय.

म्हणून मी आकड्यांना धरून बसते, सर. संगणकाशी माझं वैर नाही. माझीच नजर मला एकदा फसवून गेलीय.

खाली एका ताईंनी चॅटजीपीटीचं विचारलंय. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर प्रयोग झालाय. सराव करताना ते हाताशी होतं तेव्हा गणितं ४८ टक्के अधिक सुटली. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी खाली. ज्या प्रकारात यंत्र थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायचं, तिथे हे नुकसान जवळपास दिसलं नाही. याच्यावर स्वतंत्र लिहीन.

आणि 'शहरात बसून टॅब काढून घेणं' याबद्दल. टॅब काढून घ्यायला आता उशीर झालाय. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत, २०२४ मध्ये, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाला वापरला म्हणणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांना ७६ टक्के. यंत्र वाडीवर पोचलंय. त्यावर गणित करून घेणारं माणूस पोचलंय का, एवढंच मला विचारायचं आहे, आणि तुमच्या वाडीवर ते पोचलंय असं तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतं.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज बदललंय. आता तिथे असं आहे: 'संगणक शिक्षकाच्या तासावर जादा मिळाला आणि मुलाच्या पायरीवरून सुरू झाला तर फायदा होतो, शिक्षकाच्या जागी आणला तर नुकसानही होऊ शकतं.' जुनं वाक्य खोडून तसंच ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशावर होती ते कळेल.

एक विनंती. मुलांच्या स्तरांच्या नोंदी तुम्ही ठेवत असालच, टॅब यायच्या आधीच्या आणि नंतरच्या. त्या मुलांची नावं काढून पाठवाल का? उणे असतील तरी पाठवा, इथे जशाच्या तशा छापेन. आणि संध्याकाळी पाच ते सहा समाजमंदिरात चार्जिंग कसं करता, विजेचं बिल कोण भरतं, तुमची बदली झाल्यावर किल्ली कुणाकडे राहील, तेही लिहा.