पिल्टडाउनची कवटी: अर्धीच गोष्ट फिरते आहे

आर्वीकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘माणसाच्या पूर्वजाची कवटी खोटी निघाली, म्हणजे उत्क्रांती थोतांड.’ शाळेतली पोरं त्यावरून गोंधळली आहेत, म्हणून हा खुलासा.

कवटी खोटी होती, हे खरंच. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची, १९१२ मध्ये जाहीर झालेली. पण ती लबाडी पकडली कोणी, हे मेसेजमध्ये नाही. शास्त्रज्ञांनीच पकडली. हाड जमिनीत जितकं जुनं होतं, तितकं त्यात भूजलातलं फ्लोरिन हे मूलद्रव्य मुरतं; शास्त्रज्ञ केनेथ ओकली यांच्या तपासणीत ते फारच कमी निघालं, म्हणजे हाडं सांगितली तितकी जुनी नव्हतीच. १९५३ मध्ये सगळंच उघडं पडलं. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटान या वानराचा. दाढा कानशीने घासलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे स्वच्छ दिसत होते. वरून जुनाट दिसावं म्हणून रंग चढवलेला.

याला चाळीस वर्षं लागली, ही वाईटच गोष्ट. तेवढ्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या टाँगला सापडलेल्या, माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या बालकवटीला अनेकांनी महत्त्वच दिलं नाही. ती पिल्टडाउनशी जुळत नव्हती ना! ती मात्र अस्सल होती.

आजचा पुरावा पिल्टडाउनवर उभाच नाही. टाँग, इथिओपियातला ‘ल्युसी’ नावाचा प्राचीन सांगाडा, निअँडर्थल या नामशेष मानवांचा डीएनए, हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणांहून आलंय. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर १९५३ ची गोष्टही जोडा.