तुमचा माणूस

परवा रात्री उंदरानं इंटरनेटची फायबर कुरतडली. ओटीडीआरनं, म्हणजे फायबर कुठं तुटली ते शोधणाऱ्या यंत्रानं, दाखवलं, तुटलंय १,३४० मीटरवर. ते यंत्र खोटं बोलत नाही, पण मोजतं काचेची लांबी, रस्त्याची नाही. जोडाजोडावर गुंडाळून ठेवलेली जादा केबलही त्यात धरतं. त्यामुळे अर्धा तास मी भलत्याच खांबाखाली टॉर्च फिरवत होतो. स्प्लायसिंगवाला, म्हणजे तुटलेले तंतू जोडणारा, मुलगा रजेवर. म्हणून मी, म्हणजे या छोट्या इंटरनेट नेटवर्कचा मालक, लेखापाल आणि तक्रार विभाग, रात्री साडेनऊला रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलो होतो.

त्या एका तंतूवर पुढं ३२ घरं. त्यातली ३१ घरं समजूतदार. बत्तिसावं चपला घालून खाली आलं.

"काय रे, कधी होणार?"

"अर्धा तास, काका."

"मघाशीही अर्धाच म्हणालास."

मघाशी मी त्यांना भेटलोच नव्हतो. पण वाद कोण घालणार? तंतू १२५ मायक्रॉनचा, जाड केसाएवढा. तो सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, क्लीव्हरनं सरळ कापायचा, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचा आणि ठिणगी पडून टोकं जुळेपर्यंत श्वास रोखायचा. काका वाकून बघत होते. श्वास मी रोखला, शिंक त्यांनी दिली. तंतू पुन्हा सोला.

"तुझ्या मालकाला काही लाज आहे का? थांब, त्यालाच लावतो."

माझ्या डाव्या खिशात फोन वाजू लागला. दोन्ही हात अडकलेले.

"बघ! रिंग जातेय, उचलत नाही. असले लोक!" मग माझ्या खिशाकडे बघून, "तुझाही वाजतोय. घे की, मालकाचाच असेल."

"काका, मीच मालक आहे."

त्यांनी मला टॉर्चपासून धुळीनं माखलेल्या गुडघ्यापर्यंत न्याहाळलं. "हो का? मग मी पंतप्रधान."

तिसऱ्यांदा वाजल्यावर मी उचलला. काका तोवर पाठ करून चार पावलं पलीकडे गेले होते, खासगी बोलायचं होतं ना.

"नमस्कार साहेब!" आवाजात एकदम साय आली. "आपला ग्राहक बोलतोय. अवेळी त्रास देतोय, क्षमा करा हं."

प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येत होतं. एकदा हवेतून, एकदा टॉवरमार्गे, किंचित उशिरा.

"तुमचा माणूस इथं बसलाय. त्याला काम येत नाही हो. एक तार जोडायला इतका वेळ? शिवाय उलट बोलतो. म्हणतो, मीच मालक!"

"समज देतो त्याला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पण काढू नका नोकरीवरून. पोरंबाळं असतील. आणि साहेब, एक विचारायचं होतं. आम्ही दिवसभर घरात नसतो. दिवसाचं नेट उरतं, ते जातं कुठं? ते रात्रीच्यात टाकता येणार नाही का?"

हसू नका. मी हसलो नाही, कारण हाच प्रश्न मला माझ्या वरच्या, म्हणजे मला घाऊक इंटरनेट देणाऱ्या, पुरवठादाराला विचारायचाय. त्याचं बिल कसं येतं? दर ५ मिनिटांनी वापराच्या वेगाची एक नोंद. ३० दिवसांच्या ८,६४० नोंदी. त्यातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के सोडून देतात, म्हणजे ३६ तासांची माफी. उरलेल्यांतली जी सर्वांत मोठी, तिच्यावर महिन्याचं बिल. ऐकायला केवढं उदार! पण लोक एकदमच बसतात, रात्री आठ ते अकरा. रोजचे ३ तास म्हणजे महिन्याचे ९०. माफी ३६ची. पहाटे माझी लाइन ओस पडलेली असते, त्याची वजावट शून्य. ग्राहक म्हणतो, वापरलं नाही त्याचे पैसे का? पुरवठादार म्हणतो, गर्दीच्या वेळेचे पैसे टाका. मधे मी.

आणि जास्त बँडविड्थ, म्हणजे लाइनची क्षमता, घेतली की दर उतरतो, पण ती घ्यायला आधी तेवढे ग्राहक हवेत. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपले कॅशे सर्व्हर, म्हणजे लोक जास्त बघतात त्या व्हिडिओंचे साठे, नेटवर्कात ठेवायला देतात, मग तेवढी रहदारी बाहेरून आणावी लागत नाही. पण तेही ज्याची रहदारी आधीच भरपूर त्याला. आमच्याएवढ्याला दारातही उभं करत नाहीत. सगळ्यांना १०० एमबीपीएस विकतो हे खरं, आणि सगळ्यांनी एकदम पूर्ण वेग ओढला तर पुरणार नाही हेही खरं. तसं ते ओढत नाहीत, या भरवशावरच हा धंदा चालतो, कुणाचाही असो. पण फोनवर ते सांगता येत नाही.

"बघतो काय करता येतं ते," म्हणून मी फोन गालानंच बंद केला. ठिणगी पडली. मशीननं जोडातला तोटा ०.०२ डीबी दाखवला, म्हणजे दृष्ट लागावी असा जोड. जोडावर संरक्षक स्लीव्ह चढवली.

वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "आलं!"

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर अशी दया, की अजून आठवली तरी कान तापतात. "पाहिलंस? एक फोन केला साहेबांना, लगेच आलं. तू बसला असतास सकाळपर्यंत."

मी टॉर्च आवरला, स्पिरिटची बाटली आवरली. तक्रार बंद झाली की ग्राहकाला अभिप्रायाचा मेसेज आपोआप जातो. ही सोय मीच हौसेनं बसवून घेतली. घरी पोहोचेपर्यंत उत्तर आलेलं होतं.

सेवा: ५ तारे. तंत्रज्ञ: १. "साहेब देवमाणूस. माणूस बदला."