रंगभूमी दिनाच्या फॉरवर्डला उत्तर: इतिहास लिहिलेला आहे हो, उघडून बघा

नोव्हेंबर उजाडला की तो मेसेज येतोच. वर नटराज, दोन दिव्यांचे इमोजी, खाली लांबलचक मजकूर आणि शेवटी 'मराठी असाल तर पुढे पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते भारतातलं पहिलं नाटक, त्याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं, भाव्यांनी सगळं शून्यातून उभं केलं. मग बाई स्टेजवर आली ती थेट १९३३ साली. मग 'कीचकवध' बघताना नाशकात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली म्हणून इंग्रजांनी ते नाटक बंद पाडलं. आणि शेवटी हळहळ, की मराठी माणसाने हा इतिहास कधी लिहूनच ठेवला नाही, जे काय आहे ते नटांनी स्वतःची केलेली आरती आणि गॉसिप.

सांगलीशी आपलं भांडण नाही, भाव्यांशी तर नाहीच. पण बाकीचं एकेक बघू, कारण यातली बरीच वाक्यं दरवर्षी वर्तमानपत्रातल्या लेखांत पण जशीच्या तशी येतात.

"भारतातलं पहिलं नाटक." हे वाचून कालिदासाने काय करावं? बरं कालिदास सोडा, तो फार लांबचा म्हणाल. केरळात कूडियाट्टम, म्हणजे संस्कृत नाटकांचे प्रयोग, शेकडो वर्षं चालूच होतं. आधुनिक, तिकीट लावून, थिएटरात असं म्हणायचं असेल तर कोलकात्यात गेरासिम लेबेदेव नावाच्या रशियन माणसाने १७९५ मध्ये बंगाली नाटक केलं होतं, आणि त्यात बायकांची कामं बायकांनीच केली होती. मराठीपुरतं बोलायचं तरी तंजावर आडवं येतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ ते १७१२ राज्य केलं त्यांनी, त्यांचं 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक आहे, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत मिळून एक नाटक लिहिलं, 'पंचभाषाविलास'. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी नाटकांच्या हस्तलिखितांची चळत आहे. आता कुणी म्हणेल की तंजावरहून सांगलीला काही आलं नाही, तो धागा तुटलेला आहे. मान्य, सांगलीचं नाटक तंजावरातून निघालं असं मी म्हणतच नाहीये. पण 'त्याआधी मराठीत काहीच नव्हतं' हे वाक्य मात्र दीडशे वर्षांनी चुकतं.

"शून्यातून उभं केलं." हे मला सगळ्यात खटकतं, कारण खुद्द भाव्यांनी असं कधी म्हटलेलं नाही. १८८५ मध्ये त्यांनी आपली पदं 'नाट्यकवितासंग्रह' म्हणून छापली आणि हे सगळं कसं सुरू झालं ते स्वतःच सांगून ठेवलं. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांपुढे खेळ केले. ते यक्षगानाच्या, म्हणजे कर्नाटकातल्या नाचगाण्याच्या पारंपरिक नाटकाच्या, घराण्यातले खेळ. राजांना आवडले पण ओबडधोबड वाटले, तेव्हा असंच पण नेटकं मराठीत कर असं त्यांनी पदरी असलेल्या भाव्यांना सांगितलं. म्हणजे बी कानडी, हुकूम राजाचा, पदं भाव्यांची. यात कमीपणा कसला? उलट एवढं सरळ श्रेय देणारा माणूस आणि आपण त्यालाच शून्यातून काढतोय.

आणि तो खेळ दिसायचा कसा, हे फॉरवर्डवाल्यांनी एकदा डोळ्यांपुढे आणावं. पडदा वर, सूत्रधार मंगलाचरण म्हणतो, विदूषक येऊन त्याची टिंगल करतो, मग गणपती येतो, मग सरस्वती मोरावर बसून नाचत येते, मग आख्यान. सगळ्या पात्रांची पदं सूत्रधारच गातो, मागे मृदंग झांजा. पात्रांनी हावभाव करायचे आणि पद संपलं की त्याच अर्थाचं भाषण आपल्या मनाने ठोकायचं. संवाद लिहिलेले नाहीत! रामाला आज सुचलं तर लांब, नाही सुचलं तर आटोपतं. राक्षस आला की तलवार परजत 'अललल डुर्र' करत सगळं स्टेज हादरवायचा, म्हणून पुढच्या पिढीने या नाटकांना नावंच ठेवली, 'अललडुर्र' आणि 'तागडथोम'. म्हणून तर भाव्यांच्या छापील पुस्तकात पदं सापडतात, आज आपण ज्याला संहिता म्हणतो ती नाही.

१८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले, हिंदीत 'राजा गोपीचंद' पण केलं. मला विचाराल तर साजरं करायला हे १८५३ जास्त मोठं आहे. राजवाड्यात हुकमावरून झालेला खेळ एक आणि अनोळखी माणसाने खिशातून पैसे काढून बघितलेला खेळ वेगळा. पण त्यावर कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता याच्या उलट टोकाचा दुसरा मेसेज फिरतो, तो पण घेऊ, नाहीतर म्हणाल एकाच बाजूला झोडतो. 'खरं पहिलं मराठी नाटक महात्मा फुल्यांचं तृतीय रत्न, ते दडपलं गेलं.' यातला दुसरा भाग बराचसा खरा आहे. १८५५ मध्ये जोतीरावांनी नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे, म्हणजे मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी समितीकडे, दिलं, कमिटीने नाकारलं, आणि हे त्यांनी 'गुलामगिरी'त स्वतः नोंदवलंय, भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं चाललं नाही म्हणून. ते छापून लोकांसमोर आलं १९७९ मध्ये. विचार करा, जोशीबुवा एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मधेमधे येऊन त्याचं पितळ उघडं पाडतो, हे ज्या काळात बाकी सगळीकडे राक्षस डुर्र करत होते तेव्हा लिहिलेलं आहे! लिहिलेलं सामाजिक गद्य नाटक म्हणून त्याचा मान मोठाच. पण ज्या नाटकाचा तेव्हा प्रयोग झाला नाही आणि जे सव्वाशे वर्षं कुणाला वाचायला मिळालं नाही त्यावरून रंगभूमी सुरू झाली असंही म्हणता येत नाही. तेव्हा छापून बाहेर आलेलं पहिलं स्वतंत्र गद्य नाटक म्हणून पुस्तकांत नाव येतं ते १८६१ च्या 'थोरले माधवराव पेशवे'चं, विशीतल्या विनायक जनार्दन कीर्तन्यांचं. थोडक्यात 'पहिलं' कशातलं ते आधी सांगा, प्रयोग, लेखन की छपाई, मग भांडू.

"बाई आली १९३३ ला." १ जुलै १९३३, नाट्यमन्वंतर या संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा', ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक. नाटक महत्त्वाचं आहे यात वाद नाही. पण कमलाबाई गोखले कुठे ठेवल्यात? त्या लहानपणापासून स्टेजवर होत्या, पुढे चित्ताकर्षक नाटक मंडळीत गाजल्या. १९१३ मध्ये फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही, तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी कमलाबाईंनी आणि पार्वती त्यांच्या आईने, दुर्गाबाई कामतांनी केली, हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आख्ख्या बायकांच्याच नाटक मंडळ्या होत्या, बेळगावकरांची स्त्री संगीत मंडळी वगैरे, त्यात पुरुषांची कामं पण बायकाच करायच्या. १९३० च्या आसपास हिराबाई बडोदेकर स्वतःची कंपनी काढून भावंडांसकट संगीत नाटकं करत होत्या. आणि हिराबाई पेडणेकरांनी तर नाटकं लिहिली, त्यांचं 'संगीत दामिनी' ललितकलादर्श या नाटक मंडळीने केलं. तमाशातल्या बायकांचं तर नावच नको, त्या कुणाच्या हिशोबातच नाहीत.

मग १९३३ ला नवीन काय झालं? शिकलेल्या, प्रतिष्ठित मंडळींच्या संस्थेने बायकांना पुरुषांबरोबर उभं केलं आणि पांढरपेशा प्रेक्षकाने ते मान्य केलं. त्याआधीच्या बायका बऱ्याचशा कलावंतीण, नायकीण म्हणून हिणवलेल्या घरांतून आलेल्या. तेव्हा 'पहिली बाई' म्हणताना आपण 'आमच्या ओळखीतली पहिली बाई' असं म्हणत असतो, एवढं तरी कबूल करा.

"कीचकवध आणि जॅक्सन." दोन गोष्टींची भेळ. २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात विजयानंद थिएटरात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा नाटक होतं देवलांचं 'शारदा', म्हाताऱ्याला कोवळी पोर देण्यावरचं. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ पासूनच चालू होतं, कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला लागत नव्हतं. सरकारच्या लक्षात यायला मात्र तीन वर्षं गेली, बंदी आली १९१० मध्ये. खुनानंतरच्या वातावरणाचा त्यात हात होता, ते ठीक. पण नाटक वेगळं हो!

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात चुकीचं: "मराठी माणसाने लिहूनच ठेवलं नाही." अहो, वर जे सगळं सांगितलं ते मला काय स्वप्नात दिसलं? आप्पाजी विष्णु कुळकर्णींनी 'मराठी रंगभूमि' लिहिलं १९०३ मध्ये. भावे जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, जुन्या मंडळ्यांतली माणसं अजून हयात. बनहट्टींचा 'मराठी रंगभूमीचा इतिहास' खंड पहिला १९५७ चा, फक्त १८४३ ते १८७९ एवढ्या काळावर! म्हणजे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' येण्याआधीच पुस्तक संपतं. दाते ग्रंथसूची, म्हणजे छापील मराठी पुस्तकांची यादी, उघडा, नाटकांच्या नोंदी वाचता वाचता डोळे दुखतील. अलीकडे मकरंद साठ्यांचे 'मराठी रंगभूमीच्या तीस रात्री'चे तीन खंड आले. लिहिलं नाही म्हणणं म्हणजे वाचलं नाही म्हणायची सभ्य पद्धत झाली.

आणि नटांची आत्मचरित्रं म्हणजे आरती? काही आहेत तशी, नाव घेत नाही. आठवणीने तारखा चुकतात, स्वतःला टाळ्या जास्त पडलेल्या आठवतात, दुसऱ्याचा आवाज बसलेला आठवतो, हे सगळं खरं. पण म्हणून ती फेकून द्यायची नसतात, एकमेकांसमोर ठेवून वाचायची असतात. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली तेव्हा भागीदार तीन, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. काही वर्षांत आधी टेंबे बाहेर पडले, मग बोडस, आणि कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली, पुढे कर्जाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आता बोडसांचं 'माझी भूमिका' आहे आणि टेंब्यांचं 'माझा जीवनविहार' आहे. एकाच घरातून बाहेर पडलेली दोन माणसं, एक नट आणि एक गवई-पेटीवादक, दोघांचे स्वभाव वेगळे, दोघांना खुपलेलं वेगळं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली की कोण कुठे हात आखडता घेतोय ते आपोआप कळतं, आणि नाटक कंपनी हा धंदा म्हणून कसा चालायचा, बिऱ्हाड, शालू, पंगती आणि उधारीसकट, ते इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही इतकं कळतं. वसंत शांताराम देसायांचं 'मखमलीचा पडदा' तिसरं म्हणून घ्या, ते भागीदार नव्हते, जवळून बघणारे होते.

चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'ला साहित्य अकादमी मिळालं ते काय आरतीला? बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी, दीनानाथ मंगेशकर, चढउतार, सगळं त्यात आहे, आणि वाचताना कंटाळा येत नाही ही मराठीतल्या जाड आत्मचरित्रासाठी मोठीच गोष्ट. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' वाचून कुणी म्हणावं की बाईने स्वतःचं कौतुक केलंय! डॉ. श्रीराम लागूंचं 'लमाण' घ्या, त्यात माणूस स्वतःच्या कामाची चिरफाड पानोपानी करतो, कधी कधी तर वाटतं की आता पुरे डॉक्टर.

यातली जुनी पुस्तकं नवीन मिळत नाहीत हा एक रास्त आक्षेप आहे, तेवढा मी घेतो. पण बऱ्याच जुन्या पुस्तकांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर पडलेत, मराठी विश्वकोश फुकट ऑनलाइन आहे, आणि गावातल्या नगर वाचनालयात नाटकाच्या कपाटाला बहुतेक कुणी हात लावलेला नसतो त्यामुळे पुस्तक जागेवर सापडतं. कुठून सुरुवात करू विचाराल तर 'बहुरूपी'पासून करा, बनहट्टी नंतर.