दोन नंबर मोठे

माझ्या पावलांचा अख्खा जन्म रबरी चपलेत गेला. जानेवारीत पणजीचा पारा विशीवर उतरला की आम्ही लगेच कानटोप्या काढतो, पण थंडीची ही बातमी पायांपर्यंत काही पोचत नाही. असल्या पायांच्या भरवशावर मी फेब्रुवारीत लेहहून निमूपर्यंत सायकल मारायचं कबूल करून बसलो. भाचा तिकडे नोकरीला. "मामा, पस्तीसेक किलोमीटर तर आहे. तुम्ही रोज दोनापावलाला जाताच की!" दोनापावलाला पारा उणे दहावर जात नाही, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

बाकीचं त्याने हळूहळू कळवलं. उणे दहात ताशी वीसच्या वेगाने निघालं की वाऱ्यामुळे कातडीला उणे अठरा जाणवतं. त्यात चालताना पाऊल मुडपतं, रक्त खेळतं. पेडलवर ते बापडं वाऱ्याच्या तोंडी नुसतं बसून. माझे सायकलचे बूट जाळीचे, घाम वाळावा म्हणून घेतलेले. शिवाय तळाला पेडलमध्ये अडकणारं धातूचं क्लीट. पायाची ऊब बाहेर न्यायला जणू मुद्दाम ठेवलेला हमाल.

म्हापशाच्या दुकानात गेलो. "पाय आठ नंबर, बूट दहा नंबर दाखवा." दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. मी समजावलं, ऊब बुटात नसते, आत अडकलेल्या हवेत असते. घट्ट बुटात जाड मोजे कोंबले तर रक्तच अडतं आणि बोटं जास्तच गारठतात. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे वाढत्या अंगाचे हवेत." माझं वय बावन्न.

लोकरीचे मोजे हणजूणच्या बुधवारच्या बाजारात मिळाले. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते, सुती मोजा भिजला की संपला. विकणारी बाई तिबेटी. कुठे जाणार विचारलं तिने. लेह म्हटल्यावर ती हसायलाच लागली. थंडीचे चार महिने तिकडून पळून ती इथे येते, आणि मी पैसे मोजून उलट निघालेलो. दोन जोड घेतले तरी तिने एक रुपया सोडला नाही.

घामाचा बंदोबस्त भाच्याने सांगितला होता: आधी पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, वर लोकर. म्हणजे घाम लोकरीत शिरत नाही. मी हॉलमध्ये बसून तालीम करत होतो. बायको क्षणभर थांबली. "अहो, मासळीवाली बांगडे असेच बांधून देते."

तिथेच डोक्यात उजेड पडला. एका मित्राचं मासळीचं शीतगृह आहे, तापमान बरोबर उणे अठरा! रविवारी सायकल आत नेली, स्टँडवर चढवली आणि सुरमईच्या खोक्यांमध्ये पेडल मारायला लागलो. पहिली पाळी जाळीच्या बुटांची, तुलना करायला म्हणून. चौथ्या मिनिटाला करंगळीचा पत्ता लागेना. तुलना तिथेच आटोपली.

खोकी उचलणारा एक पोरगा इतका वेळ बघत होता. त्याने काही न बोलता पाय पुढे केला. ढगळ गमबूट, आत दोन मोजे, तळाला घोंगडीचा तुकडा. महिनाभर नेटवर वाचलेलं सगळं शास्त्र तो सहा वर्षं पायात घालून फिरत होता. त्याचेच जादा गमबूट घालून मी पंचवीस मिनिटं काढली. बोटं दहाही हजर. फक्त ते रुंद बूट मावेनात म्हणून क्लीटवाली पेडलं काढून चपटी, रुंद पेडलं बसवावी लागली. त्याचा फायदा असा की बोटं बधिर झाली तर पटकन उतरून दोनशे पावलं चालता येतं. रक्त परत आणायला हाच उपाय.

आता रोज पहाटे सराव. गुडघ्याखाली गमबूट, अंगाला सुरमईचा वास, आकाश निरभ्र. काल पाववाल्या पोदेराने भोंपू वाजवायचा थांबवून सायकल माझ्या बाजूला घेतली. त्याच्या पायात रबरी चपला. आधी बुटांकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"पात्रांव, पावस येतलो?"