कायदा म्हणतो आठवड्याला एक सोडत, नियम म्हणतात दिवसाला चोवीस

एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत काढायची नाही. हे माझं म्हणणं नाही, लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ च्या कलम ४ मध्ये लिहिलंय. संसदेनं मंजूर केलेला कायदा आहे. आता पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास ऑनलाइन लॉटरीच्या कुठल्याही दुकानात डोकावून बघा. भिंतीवरच्या पडद्यावर पुढच्या सोडतीला किती मिनिटं उरली ते दिसतं. मिनिटं! हे कसं काय चालतं, हे विचारून विचारून थकलो. कुणी धड उत्तर देईना, म्हणून शेवटी कायदा आणि नियम दोन्ही काढून वाचले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

१ एप्रिल २०१० ला केंद्रानं या कायद्याखाली नियम काढले. त्यात ऑनलाइन लॉटरीची व्याख्या आली: मशीनमधून तिकीट निघतं आणि तुम्ही निवडलेला आकडा त्याच क्षणी मुख्य सर्व्हरवर नोंदला जातो. आणि त्याच नियमांत एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ सोडतींपर्यंत मोकळीक दिली. कायद्यातली मर्यादा एका लॉटरीला, नियमातली सगळ्या योजनांना मिळून. म्हणजे काय करायचं, तर नावं वेगवेगळी ठेवायची. दहाला एक नाव, साडेदहाला दुसरं, अकराला तिसरं. प्रत्येक नावाची आठवड्यात एकच सोडत, कायदा पाळला! आठवड्याला १६८ सोडती, त्याही एकाच राज्याच्या. इतर राज्यांच्या लॉटऱ्या विकायला बसल्या तर त्या वेगळ्या. खेळणाऱ्या माणसाला नावाशी काय देणंघेणं? तो त्याच खुर्चीवर बसून तेच आकडे लावतो.

मग बाहेरच्या राज्यांच्या लॉटऱ्या बंद का करत नाही, असं कुणीही विचारेल. कायद्याचं कलम ५ तसा अधिकार राज्याला देतं. पण १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जे राज्य स्वतःची लॉटरी चालवतं, त्याला इतरांची बंद करता येणार नाही. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासून चालू आहे, मटक्याला आळा बसावा म्हणून काढलेली. तमिळनाडूनं २००३ मध्ये आपल्या लॉटरीसकट सगळ्याच बंद करून टाकल्या. आपण आपलीही ठेवली आणि दुसऱ्यांचीही दारं उघडी ठेवली. बरं, ठेवायची तर ठेवा, पण निदान लक्ष तरी ठेवा!

माझा खरा राग इथे आहे. नियम कोण करतं? अधिकारी. त्यांच्यावर नजर कुणी ठेवायची? निवडून दिलेल्या लोकांनी. केंद्राचे नियम संसदेसमोर तीस दिवस ठेवायचे असतात, दोन्ही सभागृहांना ते बदलता येतात, रद्दही करता येतात. चोवीसचा आकडा त्या तीस दिवसांतून तसाच्या तसा पार झाला. राज्याच्या नियमांबद्दल कलम १२ मध्ये एवढंच आहे की, झाल्यावर लवकरात लवकर विधिमंडळासमोर ठेवा. पुढे काय करायचं, अवाक्षर नाही. मंत्री उभे राहतात, कागद पटलावर ठेवतात, अध्यक्ष पुढचा विषय पुकारतात. संपलं. एवढ्याला देखरेख म्हणायचं?

आणि असं नाही की व्यवस्थाच नाही. विधिमंडळाची उपविधान समिती आहे. सरकारी खात्यांनी केलेले नियम मूळ कायद्याच्या चौकटीत बसतात की नाही, हे बघणं हेच तिचं काम. अधिकाऱ्याला समोर बसवून विचारता येतं. मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारा तारांकित प्रश्न आहे, तातडीच्या विषयावर मांडायची लक्षवेधी सूचना आहे. मार्चमध्ये अधिवेशन, पावसाळ्यात अधिवेशन, हिवाळ्यात नागपूर. आमदार वेलमध्ये उतरतात, कामकाज तहकूब होतं, बाहेर येऊन कॅमेऱ्यासमोर बोलतात. आठवड्याची सोडत अर्ध्या तासावर आली, यावर किती जणांनी तोंड उघडलं? कराकडे मात्र सगळ्यांचं बारीक लक्ष. लॉटरीवरचा जीएसटी २०२० मध्ये सरसकट २८ टक्के झाला, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. वसुलीचं गणित पक्कं आणि पैसा कुणाच्या खिशातून येतो ते विचारायचं नाही.

कुणाच्या खिशातून येतो, ते मी सांगतो. आमच्या चाळीतले एक काका हमाली करतात. पहाटे पोती उचलायला जातात, दुपारी हातात रोख मजुरी पडते आणि घराच्या वाटेवर ते दुकान. त्यांच्या शर्टाच्या खिशात त्या गुळगुळीत कागदाच्या चिठ्ठ्यांची चळत असते, एटीएमच्या पावतीसारख्या. घामानं त्यावरचे आकडे पुसून जातात, तरी ते टाकत नाहीत. मागच्या निकालांशी ताडून बघायचे म्हणतात. काकूंनी किराण्याची उधारी दोनदा भागवायला माझ्याकडे पैसे मागितले, मान खाली घालून. ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, तिला हे करावं लागतं! आठवड्याला एकच सोडत असती, तर एवढी वेळ आली असती का? हरलेला माणूस उठून घरी गेला असता. अर्ध्या तासात पुढची सोडत आहे म्हटल्यावर तो उठेल कशाला?

कलम ४ तर असंही म्हणतं की एका अंकावर बक्षीस ठेवायचं नाही. दुकानात जाऊन बघा काय चालतं. तक्रार करायला गेलो तर एका ठिकाणी सांगितलं, परवानगीची लॉटरी आहे, आमच्या हातात काही नाही. दुसरीकडे म्हणाले, हा वित्त विभागाचा विषय. तिसरीकडे विचारलं, तुमचं स्वतःचं नुकसान झालंय का? नसेल तर तुम्हाला काय त्रास? अरे, मी या शहरात राहतो, हाच त्रास! एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, कलमांसकट. तिथला मुलगा म्हणाला, "काका, रस्त्याचं, पाण्याचं असेल तर सांगा. हे आमच्याकडे येत नाही." नियमांवर नजर ठेवणं आमदाराकडे येत नाही, तर कुणाकडे येतं?

पुणे शहरातून आठ आमदार जातात. कसबा, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी, कॅन्टोन्मेंट. कुठल्याही पक्षाचे असोत, एकानं तरी येत्या अधिवेशनात एवढाच प्रश्न टाकावा: पुण्यात ऑनलाइन लॉटरीची किती मशीन चालू आहेत, त्यावर कोणकोणत्या राज्यांच्या लॉटऱ्या विकल्या जातात, आणि दिवसाला किती सोडती निघतात ते सरकारच्या वतीनं कोण मोजतं? उत्तर लेखी पाहिजे, मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासकट.